चिठ्ठीत लिहिलेलं कानात कसं ऐकू येतं?

गणपतीच्या आरतीत ‘दास रामाचा वाट पाहे सदना’ अशी ओळ आहे. तरी दर वर्षी मांडवात कितीतरी जण खणखणीत आवाजात ‘सजणा’ म्हणतात. त्यांची भक्ती कमी नसते आणि कानही धड असतात. टाळ-झांजांच्या गजरात मधलं अक्षर हरवतं आणि मेंदू त्या जागी ओळखीचा शब्द बसवतो.

अमेरिकेत असंच एका गाण्याचं झालं, आणि प्रकरण थेट एफबीआय या केंद्रीय तपास यंत्रणेपर्यंत गेलं.

रिचर्ड बेरी यांचं ‘लुई लुई’ १९५७ साली आलं. जमैकातल्या प्रेयसीच्या ओढीनं व्याकूळ झालेला खलाशी आपलं मन मोकळं करतो, एवढाच त्याचा विषय. १९६३ मध्ये पोर्टलंडच्या ‘किंग्समेन’ या बँडनं ते पुन्हा ध्वनिमुद्रित केलं. मायक्रोफोन वर टांगलेला, गायक जॅक इली यांच्या दातांना तारा, भोवती वाद्यांचा कल्लोळ. शब्द पार विरघळून गेले. गाणं मात्र लोकप्रिय गाण्यांच्या बिलबोर्ड यादीत दुसऱ्या क्रमांकापर्यंत चढलं.

मग शाळकरी मुलांमध्ये चिठ्ठ्या फिरू लागल्या. ‘खरे शब्द’ म्हणून त्यांत अश्लील ओळी लिहिलेल्या होत्या. चिठ्ठी वाचून तबकडी लावली की त्याच ओळी ऐकू येत. पालक हादरले. १९६४ च्या जानेवारीत इंडियानाच्या गव्हर्नरांनी रेडिओ केंद्रांना हे गाणं न वाजवण्याची विनंती केली. एका पालकानं अ‍ॅटर्नी जनरल, म्हणजे अमेरिकेच्या न्याय खात्याचे प्रमुख, रॉबर्ट केनेडी यांना पत्र लिहिलं.

त्या पालकांना खोटारडं म्हणायला माझं मन धजत नाही. त्यांना ते शब्द खरोखरच ऐकू येत होते. १९७० मध्ये मानसशास्त्रज्ञ रिचर्ड वॉरन यांनी एका ध्वनिमुद्रित वाक्यातला एक ध्वनी कापून तिथे खोकला टाकला. ऐकणाऱ्यांना शब्द अखंडच ऐकू आला, आणि खोकला नेमका कुठे होता हेही सांगता येईना. पुढे १९८५ मध्ये कॅनडाच्या वोकी आणि रीड यांनी उलटं वाजवलेलं बोलणं लोकांना ऐकवलं. आपणहून कोणाला त्यातला अर्थ लागत नव्हता. पण ‘अमुक वाक्य ऐकू येतंय का बघा’ म्हटलं, की ते वाक्य ऐकू यायचं. कानावर आलेला ध्वनी आणि मनातली अपेक्षा यांची सांगड घालूनच मेंदू शब्द ओळखतो. ध्वनी जितका अस्पष्ट, तितकी अपेक्षा वरचढ ठरते. आणि एकदा ऐकू आलेला शब्द पुन्हा न ऐकणं जवळजवळ अशक्य होतं.

म्हणून मला वाटतं, या वादाची ठिणगी गाण्यात शोधून सापडणार नाही, ती चिठ्ठीतच होती. शब्द स्पष्ट असते, तर भांडण त्यांच्या अर्थावरून झालं असतं आणि छापील ओळ दाखवून ते मिटवता आलं असतं. इथे छापील ओळी उपलब्ध असूनही त्यांवर कोणी विश्वास ठेवेना, कारण ‘आमच्या कानांनी ऐकलं’ यापुढे कागदाचं काय चालणार? रॉक संगीतानं मुलं बिघडतील ही धास्ती घराघरांत होतीच. ती अस्पष्ट जागांत जाऊन बसली.

एफबीआयच्या प्रयोगशाळेनं तबकडी वेगवेगळ्या गतींनी वाजवून पाहिली. दोन वर्षांहून अधिक काळ चौकशी चालली आणि निष्कर्ष निघाला, की कोणत्याही गतीला शब्द कळत नाहीत, त्यामुळे गाणं अश्लील ठरवता येत नाही. चौकशीत बँडमधल्यांना विचारलं, तबकडी काढणाऱ्या कंपनीच्या अधिकाऱ्यांना विचारलं. ते शब्द ज्यांच्या तोंडून निघाले होते, ते जॅक इली तोवर बँड सोडून गेले होते. त्यांना कोणीच विचारलं नाही.