लोडरचे टायर आणि फोमचा वाद

भंगाराचे यार्ड, राडारोडा फोडण्याचे प्रकल्प, पोलाद कारखान्यांतील स्लॅगचे (धातू वितळवताना उरणाऱ्या मळीचे) ढीग, अशा ठिकाणी लोडर, म्हणजे पुढच्या बादलीने माल उचलणारे यंत्र, उतरला तो खाणीतले टायर घेऊनच. लोडरच्या टायरचे एल-३, एल-५ असे वर्ग असतात; एल-५ टायरचे ट्रेड, म्हणजे जमिनीला टेकणारी नक्षी, एल-३च्या अडीचपट खोल असते. खडकासाठी ते ठीक. पण तुटकी सळई बहुधा बाजूच्या पातळ भिंतीतून घुसते. पावसाळ्यात तर जास्तच, कारण ओले रबर कोरड्यापेक्षा सहज कापले जाते.

टायरवर चढवायच्या पोलादी साखळ्या जुन्याच. तापलेल्या स्लॅगवर आजही त्यांच्याइतके भरवशाचे काही नाही. मात्र त्या जड, महाग आणि सारख्या ताणून घ्याव्या लागणाऱ्या.

१९७०च्या दशकात हवेऐवजी पॉलियुरेथेन हे प्लास्टिकच्या जातीचे रसायन, म्हणजेच ‘फोम’, भरण्याची पद्धत रुजली आणि खरा वाद तिथून सुरू झाला. व्हॉल्व्हमधून पातळ मिश्रण आत सोडायचे, ते रबरासारखे घट्ट होते, पंक्चरचा विषय संपतो. म्हणून फोम झपाट्याने पसरला. पण तो हवा जाणे थांबवतो, कापले जाणे नाही. भिंत फाटायची ती फाटतेच. मोठ्या लोडरच्या एकेका टायरमागे काही शे किलो वजन वाढते. हवेची उसळी जाते, आणि प्रत्येक धक्का ॲक्सलला, ऑपरेटरच्या पाठीला बसतो. माझ्या मते हा निर्णय अर्धाच हिशेब मांडून घेतला गेला. पंक्चरची बचत ठळक दिसली; ॲक्सलची दुरुस्ती वेगळ्या खात्यात गेली आणि पाठदुखी तर कुठल्याच खात्यात आली नाही.

नंतर आले बाजूला आरपार भोके असलेले अखंड रबरी टायर. भोकांमुळे थोडी लवचिकता मिळते आणि कापण्याजोगी पातळ भिंतच उरत नाही. लांब पल्ल्यावर मात्र ते आतून तापतात, म्हणून यार्डातल्या यार्डातच वापरावेत. खरेदीची किंमत चढी असते, तिथेच बरेच जण माघार घेतात.

आपल्याकडे राडारोड्याचे नियम २०१६ मध्ये आले, पोलादी भंगाराचे धोरण २०१९ मध्ये. जालन्यासारख्या भंगार वितळवणाऱ्या गावांत हा प्रश्न रोजचा आहे. २०२२ पासून टाकाऊ टायरच्या पुनर्वापराची जबाबदारी टायर उत्पादक आणि आयातदारांवर आली, आणि फोमची आणखी एक अडचण पुढे आली: तो कापून वेगळा काढल्याशिवाय अशा टायरचा स्वच्छ रबरी भुगा होत नाही.