मागे राहणं आणि मागे पडणं

फ्लाइट सिम्युलेटरवर डॉगफाइट, म्हणजे लढाऊ विमानांची हवेतली झुंज, शिकणाऱ्याची पहिले सहा महिने एकच तक्रार असते. "मी मागंच होतो की त्याच्या! मग निसटला कसा?" माझीही तीच होती. मागे असण्याचे दोन प्रकार आहेत आणि कॉकपिटमधून ते हुबेहूब सारखे दिसतात, हे कळायला मला बराच काळ लागला. एक म्हणजे ठरवून मागे राहणं, वैमानिकांच्या भाषेत लॅग पर्स्यूट. दुसरं म्हणजे नुसतंच मागे पडणं.

समजा, मी दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन मेसरश्मिट १०९ मध्ये आहे आणि सहाशे मीटर पुढे एक स्पिटफायर, म्हणजे ब्रिटिश लढाऊ विमान, डावीकडे कचकचून वळतंय. गोळी पोचेपर्यंत ते पुढे सरकणार, म्हणून नेम धरायचा तर आपलं नाक त्याच्याही पुढे हवं. याला लीड म्हणतात. नाक थेट विमानावर ठेवलं तर प्युअर. आणि विमान मघाशी जिथून गेलं त्या मोकळ्या हवेवर, म्हणजे शेपटीच्या मागे ठेवलं तर लॅग. नवशिक्याचा हात न सांगता लीडकडे जातो. माझाही जायचा. स्टिक पोटात घ्यायची आणि ओढत राहायचं. १०९ च्या पंखांना पुढच्या कडेला स्लॅट नावाच्या पट्ट्या असतात. वेगाच्या मानाने ओढ जास्त झाली की त्या आपोआप बाहेर येतात. विमान सांगत असतं, बास कर. मी काही ऐकायचो नाही. ताशी ४५० किलोमीटरवरचा काटा २६० वर यायचा, विमान थरथरायचं आणि एक पंख खाली कोसळायचा. स्पिटफायर मुळातच १०९ पेक्षा आखूड वळतं, त्याच्याशी त्याच्याच खेळात भिडायचं म्हणजे हौसच.

वेग भरपूर असला तरी सुटका नाही. जी, म्हणजे वळताना विमानावर येणारा गुरुत्वाच्या पटीतला भार, तेवढाच ठेवून वेग दुप्पट केला तर वळणाची त्रिज्या चौपट होते. सपाट वळणात ४ जीला ताशी ३०० ने ती साधारण १८० मीटर भरते, ६०० ने जवळपास ७३० मीटर. म्हणजे मागून जोरात आलेल्याने आतून वळायचा हट्ट धरला तर तो शत्रूच्या वळणाबाहेर फेकला जातो आणि पुढे निघून जातो. त्याला ओव्हरशूट म्हणतात. आता शेपटी आपली आणि बंदूक त्याची.

लॅग पर्स्यूट करणारा इथे नाक मुद्दाम मागे सोडतो. अंतर फार झपाट्याने मिटत असेल तर नाक वर काढतो, वेग देऊन उंची घेतो आणि वरून पुन्हा वळणाच्या आत उतरतो. हा हाय यो-यो. हवेचा रोध सोडला तर ताशी ५०० चा सगळा वेग उंचीत घातल्यास सुमारे ९८० मीटर मिळतात. हा वेग-उंचीचा हिशेब १९६० च्या दशकात अमेरिकी वैमानिक जॉन बॉइड आणि गणिती थॉमस क्रिस्टी यांनी सूत्रात बसवला, पण मला तो सूत्रातून कळला नाही.

कळला तो काकांमुळे. तरुणपणी तालमीत घुमलेले, आता चहाचा कप घेऊन माझ्या खुर्चीमागे उभे राहतात. विमानातलं त्यांना शष्प कळत नाही. एकदा मी ओव्हरशूट झालो तेव्हा म्हणाले, "आरं, मागनं कब्जा घेतलाईस न्हवं? मग लगीच चितपट कराया का बघतोस? दम धर की." मी धरला. अति धरला. पुढचे दोन आठवडे मी नऊशे मीटर मागून शांतपणे फिरत होतो आणि त्याला संयम म्हणत होतो. काका एके दिवशी म्हणाले, "ह्यो खेळवत न्हाई, ह्यो दमलाय."

मला राग आला. रात्री रेकॉर्डिंग लावलं. वेग ताशी २४० आणि स्पिटफायरपेक्षा दोनशे मीटर खाली. राखून ठेवावं असं माझ्याकडे काही उरलंच नव्हतं. पाऊण फेरीत ते माझ्या शेपटीवर आलं होतं. १९१२ मध्ये झालेल्या आपल्या कोल्हापूरच्या खासबाग कुस्ती मैदानात कुठेही बसा, आखाडा सगळा दिसतो. दोघांचा दम एकदम दिसतो. कॉकपिटमध्ये फक्त समोरचा दिसतो, आपण कसे दिसतोय ते नाही. म्हणून तर ही गफलत होते. आता दर फेरीनंतर मी रेकॉर्डिंग बाहेरच्या कॅमेऱ्यातून बघतो, गॅलरीत बसल्यासारखं.

उडताना ओळखायचं तर एकच प्रश्न पुरतो: आत्ता, या क्षणी, मनात आणलं तर नाक आत घेता येईल का? येत असूनही घेत नसाल तर तुम्ही मागे राहिलाय. येत नसेल तर पडलाय, मग त्याला काहीही नाव द्या. शत्रू काचेतून कुठे सरकतोय तेही बघावं. पुढच्या काचेत जागेवर टिकून असेल तर ठीक. बाजूने घसरत आपल्या शेपटीकडे चालला असेल तर काम बिघडलंय, लगेच नाक खाली घालून निघा. याला माघार म्हणतात आणि तीही वेग शिल्लक असतानाच घेता येते.

ट्रिगरचंही तसंच. १०९ च्या 'ई' प्रकारात पंखांतल्या तोफांना ड्रममध्ये प्रत्येकी ६० गोळे, जेमतेम सात सेकंदांचा मारा. जर्मन वैमानिक ओस्वाल्ड बोल्के याने १९१६ मध्ये घालून दिलेल्या नियमांत जवळ जाऊन, नेम नीट बसल्यावरच गोळी झाडावी असा एक आहेच. मी सहाशे मीटरवरून चार सेकंद उडवायचो.

शेवटी जॉयस्टिकवरचं ट्रिगरचं बटणच काढून टाकलं. महिनाभर फक्त मागे राहायचं, अंतर दोनशे ते चारशे मीटर, वेग ३५० च्या खाली नाही. पहिल्या रात्री वीस सेकंद जमलं. परवा एक मिनिट चाळीस. काकांनी विचारलं, "मारलास का न्हाई?" म्हटलं, बटणच नाही. ते खुर्ची ओढून बसले.