लॅचिंग की मोमेंटरी? फूटस्विच घेण्याआधी एवढं वाचा

गणपतीच्या सुपाऱ्या सुरू झाल्या की कोल्हापुरातल्या गिटारवाल्या पोरांकडून दर वर्षी हाच प्रश्न येतो, "दादा, मल्टीइफेक्टला बाहेरनं फूटस्विच लावलाय पण दोनदा दाबल्याशिवाय काम करंना, युनिट गेलं काय?" आणि उत्तरं देणारेही ठरलेले. एक म्हणतो केबल बदल, दुसरा म्हणतो फर्मवेअर अपडेट मार, तिसरा म्हणतो दोनदाच दाबत जा की, सवय होते. या तिसऱ्याचा मला मनापासून राग येतो. सोलोच्या तोंडाला एका मात्रेत पाय टाकून परत वाजवण्यावर यायचं असतं, तिथं दोनदा दाबायची सवय कशाला लावून घ्यायची? युनिट, म्हणजे बरेच इफेक्ट एकाच डब्यात असलेला तो मल्टीइफेक्ट, ठीक आहे, केबल पण बहुतेक ठीकच आहे, तुम्ही घेतलेला स्विच दुसऱ्या जातीचा आहे.

पेडलवरचा, म्हणजे एकेका इफेक्टच्या छोट्या डब्यावरचा, स्विच तुम्ही रोज दाबता, त्यात फार सांगण्यासारखं नाही. ट्रू बायपास (बंद असताना सिग्नल सरळ आरपार सोडणाऱ्या) पेडलमध्ये नऊ पायांचा जाड थ्रीपीडीटी स्विच असतो, खटकन वाजतो आणि दाबल्यावर त्याची आतली जोडणी तिथंच अडकून बसते, परत दाबला की सुटते. ही लॅचिंग जात. बॉस कंपनीच्या छोट्या पेडलवर मात्र रबराची पट्टी दाबली की खाली एक बारकं बटण दाबलं जातं आणि पाय उचलला की लगेच मोकळं होतं. ही मोमेंटरी जात. पेडल दोन्हीकडे चालू राहतं, बंद होतं, वाजवणाऱ्याला फरक फक्त आवाजाचा आणि पायाखालच्या कडकपणाचा वाटतो, आणि म्हणूनच बाहेरचा फूटस्विच घ्यायला गेल्यावर सगळे फसतात. दिसायला दोन्ही सारखे, काळा डबा, वर एक गोल बटण, मागं पाव इंची जॅक.

फरक एकच आहे आणि तो डोक्यात बसला की बाकी सगळं आपोआप सुटतं: इफेक्ट चालू आहे की बंद, हे लक्षात कोण ठेवतंय? लॅचिंगमध्ये स्विच स्वतः लक्षात ठेवतो. एकदा दाबला की आतले दोन पत्रे जोडले जातात आणि तुम्ही घरी जाऊन जेवून आलात तरी जोडलेलेच राहतात. मोमेंटरीमध्ये स्विचला काहीच लक्षात नसतं, पाय आहे तोवर जोडलेला, पाय उचलला की तुटला, आणि चालू की बंद हे लक्षात ठेवायचं काम समोरच्या यंत्राचं. एसटीतल्या कंडक्टरची घंटी बघा. दोरी ओढली की टण्, सोडली की गप्प. एक घंटी म्हणजे थांबा आणि दोन म्हणजे चला, हे दोरीला माहीत नसतं, ते ड्रायव्हरच्या डोक्यात असतं. मल्टीइफेक्ट युनिट म्हणजे तो ड्रायव्हर.

आता मोमेंटरीची वाट बघणाऱ्या युनिटला लॅचिंग लावलं की काय होतं ते सावकाश बघू. युनिट फक्त "जोडलं गेलं" एवढंच ऐकतंय. पहिल्यांदा दाबलं, पत्रे जोडले, ओव्हरड्राइव्ह (आवाज खरखरीत करणारा इफेक्ट) चालू झाला. छान. दुसऱ्यांदा दाबलं, पत्रे सुटले, युनिटला वाटलं पाय उचलला, त्यात करण्यासारखं काही नाही म्हणून ते गप्प. तिसऱ्यांदा दाबलं तेव्हा कुठं ओव्हरड्राइव्ह बंद. दोनदा दाबावं लागतंय ते यामुळं.

हे निदान कळतं तरी. टॅप टेम्पोला, म्हणजे पायानं ठोके देऊन लय सांगायच्या कामाला, लावलं तर डोकंच फिरतं, कारण तुमच्या चार ठोक्यांतले दोनच मोजले जातात आणि डिले (सुराचा प्रतिध्वनी) बरोबर निम्म्या टेम्पोला जाऊन बसतो. पोरगं बिचारं ड्रमरशी भांडतंय की तू लय सोडतोयस म्हणून.

सगळ्यात वाईट म्हणजे दाबून धरायची कामं. बऱ्याच युनिटमध्ये एकाच बटणावर दोन कामं असतात, टपकन दाबलं तर टॅप आणि धरून ठेवलं तर ट्यूनर. एका कॉलेजच्या गॅदरिंगला मी बाजूला उभा राहून बघितलंय, पोरानं सोलोच्या आधी टेम्पो द्यायला स्विच दाबला, पाय उचलला, गिटारवर हात टाकला आणि आवाजच नाही. स्क्रीनवर ट्यूनर उघडून बसलेला. पाय वर होता पण आतले पत्रे जोडलेलेच, त्यामुळं युनिटच्या हिशेबानं पोरगं अजून बटण दाबून उभं होतं. साउंडवाला फेडर वरखाली करतोय, पोरगं केबल हलवतंय, गाणं पुढं निघून गेलं. आणि ज्या दुकानातनं तो स्विच घेतला तिथं त्याला सांगितलं होतं, फूटस्विच म्हणजे फूटस्विच, कुठलाही चालतो. गिऱ्हाइकाला एवढी एक गोष्ट न विचारता माल गळ्यात मारणं मला अजिबात पटत नाही.

उलटी चूक सोपी आहे. अँपच्या चॅनेलसाठीचा जॅक बहुतेक वेळा लॅचिंगसाठी असतो, केबलच्या पिनचं टोक आणि बाहेरची नळी जोडलेली असली की एक चॅनेल, तुटलेली असली की दुसरा. तिथं मोमेंटरी लावलं तर पाय दाबून धराल तेवढाच वेळ डिस्टॉर्शन, उचलला की क्लीन. हे लगेच कळतं, त्यामुळं यात कुणी फारसं अडकत नाही.

म्हणून माझं मत सरळ आहे. अँपचं चॅनेल बदलायचंय तर लॅचिंग घ्या, बाकी मल्टीइफेक्ट, लूपर (वाजवलेला तुकडा परत परत वाजवणारा), डिलेचा टॅप, पॅच (सेव्ह केलेली इफेक्टची मांडणी) वरखाली, सगळ्याला मोमेंटरी. बॉसचा एफएस-५यू मोमेंटरी आहे आणि एफएस-५एल लॅचिंग, डबे जवळजवळ सारखेच, तेव्हा बिल करायच्या आधी शेवटचं अक्षर वाचा. बॉसच्याच डीडी-७ डिले पेडलला बाहेरनं टॅप द्यायला यू लागतो, एल नाही. अजून ठरत नसेल तर एफएस-६ किंवा एफएस-७ घ्या, त्यात दोन स्विच येतात आणि लॅच की मोमेंटरी हे डब्यावरच निवडता येतं. पैसे जास्त जातात, पण सेकंडहँड मिळाला तर सोडू नका. आणि "लॅचिंग जास्त टिकतो, खटका दमदार आहे" असं सांगणाऱ्याचं ऐकू नका. स्टेजवर शांत गाण्यात तो खटका माइकमध्ये येतो, आणि कोल्हापुरी पायात असेल तर चामड्याच्या गुळगुळीत तळव्याखाली कडक बटण निसटतं ते वेगळंच. मऊ बटण बरं.

इथपर्यंत आलेल्या लोकांनापण पुढं एक जागा अडकवते, युनिटचा मेनू. तिथं परत हेच शब्द येतात आणि तिथं त्यांचा विषय वेगळा असतो. बॉसच्या जीटी मालिकेत कंट्रोल बटणाला टॉगल आणि मोमेंट असे दोन पर्याय मिळतात. लोकांना वाटतं आपला स्विच मोमेंटरी आहे म्हणजे मेनूत मोमेंट ठेवायचं. नाही! मेनू विचारतोय की इफेक्टनं कसं वागायचं. स्विच मोमेंटरीच ठेवून मेनूत टॉगल केलं की एकदा दाबल्यावर चालू, परत दाबल्यावर बंद, म्हणजे तुम्हाला रोज हवं असतं तेच. मोमेंट केलं तर पाय आहे तोवरच इफेक्ट, आणि हे पण कामाचं आहे, एखाद्याच सुरावर डिले सोडायचा असतो किंवा शेवटची कॉर्ड लांबवायची असते तेव्हा याच्यासारखं काही नाही. इलेक्ट्रो-हार्मोनिक्सचा फ्रीझ पेडल बघा, पाय दाबून धराल तोवर सूर गोठलेला, आणि त्याच पेडलवर एक छोटा खटका आहे तो लॅचवर टाकला की पाय उचलला तरी सूर राहतो. बटण तेच, फक्त वागणं बदललं. मोमेंटरी स्विचपासनं दोन्ही वागणुकी मिळतात, लॅचिंगपासनं नीट एकच मिळते.

चुकून लॅचिंग घेतलाय आणि कार्यक्रम उद्यावर आलाय तर एक तात्पुरता मार्ग आहे, मेनूत मोमेंट करा. पत्रे जोडले म्हणजे चालू, तुटले म्हणजे बंद, एका दाबात काम होतं. पण पॅच बदललात की घोळ. नव्या पॅचमध्ये इफेक्ट बंद म्हणून सेव्ह केलेला असतो आणि तुमचा स्विच मात्र जोडलेलाच अडकलेला, मग पुढचं दाबणं म्हणजे युनिटला "बंद कर", जे आधीच बंद आहे. बहुतेक युनिटवर असंच होतं. एकाच पॅचवर अख्खा कार्यक्रम वाजवणार असाल तरच हे करा.

मिडी कंट्रोलर (युनिटला आकड्यांत हुकूम पाठवणारा डबा) वापरणाऱ्यांनो, तुमच्याकडं हाच घोळ सॉफ्टवेअरमध्ये असतो. कंट्रोलर टॉगलवर असला तर एका दाबाला १२७ (चालू) पाठवतो, पुढच्या दाबाला ० (बंद). समोरचं युनिट १२७ आलं की स्वतःच टॉगल करणारं असेल तर परत तीच दोनदा दाबायची कटकट. लक्षात ठेवायचं काम दोघांतल्या एकाकडंच द्या.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात. एका जॅकवर दोन स्विच चालवायचे तर टीआरएस केबल (पिनवर टोक, रिंग आणि नळी असे तीन भाग असलेली) लागते, पिनवर दोन काळ्या रेघा असल्या की ती टीआरएस. साधी गिटारची केबल लावली तर मधली रिंग बाहेरच्या नळीला टेकते आणि दुसरा स्विच युनिटला कायम दाबलेलाच दिसतो. जॅकवर एक्सप्रेशन पेडल (पायानं वरखाली करून इफेक्ट कमीजास्त करायचा) आणि फूटस्विच दोन्ही चालत असतील तर काय लावलंय ते मेनूत सांगा. आणि ऑर्केस्ट्रातल्या कीबोर्डवाल्याचा सस्टेन पेडल (सूर लांबवायचा) उसना घेत असाल तर तो मोमेंटरीच असतो, पण यामाहाचा एफसी५ उलटा आहे, न दाबता जोडलेला आणि दाबल्यावर तुटणारा. युनिटमध्ये किंवा स्विचवर पोलॅरिटी, म्हणजे कधी जोडायचं आणि कधी तोडायचं हे, उलटी करायची सोय असेल तर चालून जाईल, एफएस-५यू च्या डब्यावर तो खटका असतो.

घरात पडलेला स्विच कुठल्या जातीचा हे ओळखायला मल्टिमीटर पुरतो. बीपवर ठेवा, फूटस्विचला केबल लावा आणि केबलच्या दुसऱ्या टोकाच्या पिनवर एक कांडी टोकाला, दुसरी मागच्या नळीला. दाबून पाय उचलल्यावर बीप चालू राहिला तर लॅचिंग, थांबला तर मोमेंटरी, न दाबताच वाजतोय आणि पाय आहे तेवढाच वेळ थांबतोय तर उलटा मोमेंटरी. पावसाळ्यात पेटी महिनोन्महिने उघडली नसेल तर बीप तुटक येईल, आधी कॉन्टॅक्ट क्लीनर मारा आणि मग ठरवा.

चुकीचा घेतलेला असला तरी टाकून देऊ नका. डब्याचं भोक बहुतेक १२ मिलिमीटरचं असतं, त्याच मापाचा दोन पायांचा मोमेंटरी फूटस्विच इलेक्ट्रॉनिक्सच्या पार्टवाल्याकडं मागा, "दाबल्यावर जोडणारा" असं स्पष्ट सांगून, नाहीतर उलटा हातात येईल. जुना काढा, जॅककडं जाणाऱ्या दोन तारा नव्याच्या दोन पायांना डाग द्या, कुठली कुठं याला महत्त्व नाही. एलईडी असेल तर त्याच्या तारा सोडवून टेप लावून ठेवा, मोमेंटरीवर तो पाय असेपर्यंतच पेटणार आणि त्यावरनं चालू-बंद काहीच कळणार नाही, ते युनिटच्या स्क्रीनवर बघायचं.