रक्तदाबाचा आकडा आणि मेंदूतल्या बारीक धमन्या

मेंदूच्या तळाशी असलेल्या मोठ्या धमन्यांना काही बारीक फांद्या जवळपास काटकोनात फुटतात आणि थेट मेंदूच्या आतल्या भागात शिरतात. त्यांची रुंदी साधारण अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी. एरवी रक्त मोठ्या वाहिनीतून टप्प्याटप्प्याने लहान वाहिन्यांत जातं आणि वाटेत दाब उतरत जातो. इथे मधले टप्पेच नाहीत, त्यामुळे हृदयाच्या ठोक्याचा दणका या फांद्यांना फारसा न मावळता बसतो. रक्तदाब वर्षानुवर्षं चढा राहिला, की त्यांच्या भिंती जाड आणि ताठ होतात, आतली वाट अरुंद होते. एखादी बंद पडली, तर मदतीला येणारी शेजारची वाहिनी बहुधा नसते; बंद पडलेल्या फांदीवर जगणारा मेंदूचा इवलासा, बहुधा वाटाण्याएवढा तुकडा मरतो.

अशा वेळी हात लुळा पडेलच असं नाही, अनेकदा कळतही नाही. पण असे तुकडे साठत गेले, की माणूस मंदावतो. रोजचाच स्वयंपाक, तरी आधी काय आणि मग काय हे जुळत नाही. पासबुकातला हिशेब लागत नाही, पावलं आखूड पडतात. नावं विसरणं अनेकदा नंतर येतं. ‘वय झालं’ म्हणून ही लक्षणं सोडून देऊ नयेत, आणि रक्तदाब मोजायला तर चाळिशीपासूनच लागावं.

दाब उतरवल्याने मेंदूला खरंच फायदा होतो का? अमेरिकेतल्या ‘स्प्रिंट’ चाचणीत पन्नाशी आणि त्यापुढचे, मधुमेह नसलेले 9 हजारांहून अधिक लोक होते. काहींचा वरचा दाब 120 च्या खाली, तर काहींचा 140 च्या खाली ठेवण्याचं ध्येय होतं. 2019 मध्ये आलेल्या निष्कर्षांनुसार पहिल्या गटात स्मृती आणि विचारशक्तीत सौम्य घट होण्याचं प्रमाण सुमारे 19 टक्क्यांनी कमी होतं. स्मृतिभ्रंशाबाबत मात्र ठाम फरक दिसला नाही. प्रत्येकाने 120 गाठावं असा याचा अर्थ नाही; ते ध्येय डॉक्टरांनीच ठरवायचं.

घरी मोजताना चुका होतात त्या बसण्याच्या पद्धतीत. चहा, तंबाखू किंवा चालणं झाल्यावर अर्धा तास थांबावं, लघवीला जाऊन यावं. खुर्चीत पाठ टेकून, पाय जमिनीवर सपाट ठेवून पाच मिनिटं गप्प बसावं. पट्टा उघड्या दंडावर, कोपराच्या घडीच्या दोन बोटं वर बांधावा आणि हात टेबलावर, छातीच्या पातळीला ठेवावा. हात नुसता खाली लोंबकळत ठेवला, तर आकडा 6-7 ने वाढीव येऊ शकतो. जाड दंडाला लहान पट्टा बांधला तरी तसंच. एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजावं. सकाळी गोळी घेण्याआधी आणि संध्याकाळी, असं सात दिवस. पहिला दिवस सोडून बाकीच्यांची सरासरी काढावी. ती 135/85 किंवा त्याहून जास्त आली, तर वही घेऊन डॉक्टरांकडे जावं.

मिठाचा हिशेब पुडीवरून लागतो. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा माणशी दिवसाला 5 ग्रॅमहून कमी, म्हणजे सपाट चहाचा चमचाभर. चार मोठ्या माणसांच्या घरात किलोची पुडी 50 दिवस तरी पुरायला हवी. पुडी फोडल्याची तारीख तिच्यावरच लिहून ठेवा. लोणचं, फरसाण, पाव यांतलं मीठ या हिशेबात येतच नाही, आणि पापडखारातही सोडियमच असतं. सैंधव घेतलं म्हणून सुटका नाही, तेही मुख्यतः सोडियम क्लोराइडच. कमी सोडियमच्या मिठात पोटॅशियम असतं. मूत्रपिंडाचा विकार असेल किंवा रक्तदाबाच्या काही गोळ्या चालू असतील, तर विचारल्याशिवाय ते वापरू नये.

मिश्री किंवा तंबाखू सोडणं, आठवड्याला 150 मिनिटं बोलता येईल पण गाता येणार नाही इतक्या वेगाने चालणं, साखर आणि कोलेस्टेरॉल ताब्यात ठेवणं हेही याच धमन्यांसाठी. नाडी अनियमित लागत असेल, तर ईसीजी काढून घ्यावा. हृदयाच्या अशा लयीत गुठळी होऊन ती मेंदूत जाऊ शकते.

आकडा नॉर्मल आला म्हणून गोळी बंद करू नये, तो बहुधा गोळीमुळेच नॉर्मल असतो. मात्र उठताना अंधारी येत असेल, तर बसून मोजल्यावर उभं राहून एका आणि तीन मिनिटांनी पुन्हा मोजावं. वरचा दाब 20 ने किंवा त्याहून जास्त उतरला, तर गोळ्यांचं प्रमाण किंवा वेळ बदलावी लागू शकते. हे सगळे आकडे डॉक्टरांना दाखवावेत.