खंजिरी, कीर्तन आणि सौरपंप

सौरपंपासारखी नवी गोष्ट खेड्यात रुजवायची तर भजन-कीर्तनाचीच वाट धरावी. विदर्भाच्या खेड्यात नवी गोष्ट गाण्यातून पोचवायची ही वाट गाडगेबाबांनी (१८७६–१९५६) रुळवली. गावात आले की आधी खराटा घेऊन रस्ते झाडायचे, कीर्तन रात्री. त्यातही ते लोकांनाच प्रश्न विचारायचे आणि उत्तर त्यांच्याच तोंडून वदवून घ्यायचे. पुढे १९३५ मध्ये तुकडोजी महाराजांनी मोझरीला गुरुकुंज आश्रम उभा केला आणि त्यांच्या खंजिरी भजनांतून ग्रामसफाई, व्यसनमुक्ती घरोघरी गेली. पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत, म्हणजे जंगलपट्ट्यात, तर दिवाळी झाली की मंडई म्हणजे गावजत्रा, दंडार हे लोकनाट्य, शंकरपट म्हणजे बैलांच्या शर्यती आणि उजाडेपर्यंत चालणारी नाटकं. एवढी माणसं एरवी कुठल्या सरकारी सभेला जमतात?

अपारंपरिक ऊर्जा खेड्यात आली ती गोबरगॅसच्या रूपाने. वर्ध्यात १९७६ साली ग्रामोपयोगी विज्ञान केंद्र सुरू झालं, १९८१-८२ पासून केंद्र सरकारचा बायोगॅस कार्यक्रम आला, १९८५ मध्ये महाऊर्जा ही राज्याची अपारंपरिक ऊर्जेची संस्था स्थापन झाली. शेणाच्या गॅसवरचा स्वयंपाक कसा चालेल, ही शंका पत्रकं वाटून जाणारी नव्हती. शेजारणीच्या घरात निळी ज्योत पेटलेली, भिंत काजळलेली नाही आणि भाकरीला कसला वास नाही, हे बायांनी स्वतः पाहिलं की ती जायची.

सौरपंपाचा मुद्दा याहून जिव्हाळ्याचा आहे. चंद्रपूर, कोराडीच्या औष्णिक केंद्रांतून वीज राज्यभर जाते, पण इथल्याच शेतकऱ्याला कृषिपंपाची वीज पाळीपाळीने मिळत आली. रात्रपाळी आली की बॅटरी आणि काठी घेऊन चिखलात ओलीत करायचं. पायाखाली साप, जंगलालगत वाघ-बिबट्याचं भय. २०१७ ची मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना, २०१९ ची केंद्राची सौरपंपांसाठीची कुसुम योजना, २०२४ ची ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’, सगळ्यांच्या मुळाशी दिवसा पाणी हीच मागणी आहे. मला वाटतं, भजनात आणि दंडारीत यायला हवं ते हेच. कार्बन उत्सर्जनाचे आकडे खंजिरीवर चढत नाहीत.

गाण्याआधी खराटा, हा क्रमही पाळायला हवा. मंडईत चालता सौरपंप दाखवावा, मग गाणं म्हणावं. आणि गाणं संपल्यावर लोक विचारतीलच: पंपाच्या किमतीतला आपला दहा टक्के हिस्सा कधी भरायचा, आभाळ आलं तर पंप पाणी किती देईल, पंप बिघडला तर मेकॅनिक कुठून येणार? तेव्हा उत्तर द्यायला खात्याचा माणूस तिथे हजर पाहिजे.