सेमी-स्लीपर म्हणजे अर्धा स्लीपर नव्हे

नागपूरहून पुण्याला रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं जाताना सगळ्यात जास्त फसगत होते ती 'सेमी-स्लीपर' या शब्दानं. नावात स्लीपर आहे, तेव्हा पाय पसरायला मिळतील असं वाटतं. गाडीत चढल्यावर कळतं की ही खुर्चीच आहे. सेमी-स्लीपर म्हणजे पुशबॅक सीट. तिची पाठ मागे कलते, काही गाड्यांत पोटऱ्यांना टेकायला फळीही निघते, पण गुडघे रात्रभर वाकलेलेच राहतात. स्लीपर म्हणजे सपाट बर्थ, सहा फुटांच्या आसपास लांब, खाली-वर दोन मजल्यांचा आणि पडद्याचा.

यात तिसरा प्रकार घुसला की गोंधळ पुरा होतो. सीटर-स्लीपर गाडीत खाली खुर्च्या आणि वर बर्थ असतात. एसटीच्या विनावातानुकूलित शयन-आसनी बसमध्ये खाली ३० पुशबॅक सीट आणि वर १५ बर्थ अशी मांडणी आहे. म्हणून गाडीचं नाव वाचून थांबू नका, आसनांचा तक्ता उघडून आपल्या नंबरचा चौकोन सीटचा आहे की बर्थचा ते बघा.

स्लीपरमध्ये बहुधा २+१ मांडणी असते, म्हणजे एका बाजूला जोडबर्थ आणि दुसऱ्या बाजूला एकेरी. जोडबर्थमधली एकच जागा घेतली की शेजारी अनोळखी माणूस येतो आणि मध्ये हात ठेवायचा दांडाही नसतो. वळणावर दोघंही एकमेकांवर सरकतात. एकट्यानं जायचं असेल तर एकेरी बर्थ घ्या. तो नसेलच, तर आम्ही म्हणू की सेमी-स्लीपर बरा.

दोन्ही प्रकारांत खरा फरक पाडते ती जागा. मागच्या चाकांच्या मागचा भाग सी-सॉच्या टोकासारखा उडतो. चाकं खड्ड्यात गेली की तिथला प्रवासी अर्धा फूट हवेत. ज्या गाड्यांचं इंजिन मागे असतं, त्यांत शेवटच्या रांगांना त्याचा आवाज आणि ऊबही मिळते. चांगली जागा दोन्ही चाकांच्या मधली. समृद्धी महामार्गाच्या काँक्रीटवर हा फरक कमी जाणवतो, पण तो सोडून गाडी अहिल्यानगरच्या दिशेनं लागली की मागचे लोक जागे होतात.

वरचा बर्थ निवडताना आणखी एक गोष्ट. गाडी डावी-उजवी कलते तेव्हा उंचावरची जागा जास्त अंतर हलते, म्हणून वर झोका मोठा बसतो. ज्यांना गाडी लागते त्यांनी खालचाच बर्थ घ्यावा, किंवा सरळ पुढची सीट, जिथून रस्ता दिसतो. डोळ्यांना रस्ता दिसला की मळमळ कमी होते, आणि पडद्याआड पडून मोबाइल बघितला की वाढते. मे महिन्यात दिवसभर उन्हात उभी राहिलेली गाडी संध्याकाळी निघाली तर छप्पर तापलेलंच असतं आणि पहिले दोन तास वरचा माणूस भाजतो. एसी जोरात चालू झाला की त्याच माणसाच्या नाकावर गार झोत येतो, तेव्हा झडप फिरवून घ्या आणि जाड चादर जवळ ठेवा.

सेमी-स्लीपरचं दुखणं वेगळं. शेवटच्या रांगेच्या मागे भिंत असते, त्यामुळे ती सीट बहुतेक वेळा कलतच नाही. सीट धरून ठेवणारी यंत्रणा झिजली असेल तर पाठ तासाभरात आपोआप सरळ होते किंवा टेकताच धाडकन मागे जाते. बसल्या बसल्या खटका दोनदा ओढून बघा. बिघाड असेल तर गाडी भरण्याआधी, म्हणजे नागपुरातल्याच रविनगर-वाडीच्या थांब्यांवरचे प्रवासी चढायच्या आत, सीट बदलून मागा. नंतर जागाच उरत नाही. पाय लोंबकळून घोटे सुजतात, म्हणून प्रत्येक थांब्यावर उतरून पाच मिनिटं चाला.

बर्थवर पाय गाडीच्या पुढच्या दिशेला करून झोपा. जोरात ब्रेक लागला तर शरीर पुढे सरकतं. त्या वेळी आधी पाय आपटलेले बरे.

१ जुलै २०२३ च्या पहाटे सिंदखेडराजाजवळ समृद्धीवर नागपूरहून पुण्याला निघालेली बस उलटून पेटली आणि २५ जण गेले. गाडी दाराच्याच बाजूवर पडल्यानं दार अडलं. तेव्हा चढताच काच फोडायची हातोडी, मागची आपत्कालीन खिडकी आणि छताचं झाकण शोधून ठेवा. स्लीपरमध्ये हे जास्त गरजेचं आहे, कारण पडदे आणि अरुंद वाट यांतून अंधारात बाहेर पडायला वेळ लागतो. हातोडीची जागा रिकामी दिसली तर तिथल्या तिथे विचारा.

भाड्याचं थोडक्यात. महिलांना एसटीत १७ मार्च २०२३ पासून तिकिटात ५० टक्के सवलत आहे, आणि ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना प्रवास मोफत. खासगी गाडीत यातलं काही नाही. २७ एप्रिल २०१८ च्या शासन निर्णयानुसार खासगी गाड्यांचं भाडं एसटीच्या त्याच प्रकारच्या बसच्या दीडपटीपेक्षा जास्त असू नये. म्हणजे दिवाळीत तुलना करताना स्लीपरचं भाडं एसटीच्या स्लीपरशी लावायचं, साध्या लालपरीशी नाही. ज्यादा घेतलं तर तिकीट जपून ठेवा आणि आरटीओकडे तक्रार करा.