मिन्यान न जमलेली दोन वर्षं

करोनाच्या काळात महाराष्ट्रातली प्रार्थनास्थळं दोनदा बंद झाली आणि दोनदा उघडली. मार्च २०२० मध्ये लागलेली कुलपं १६ नोव्हेंबर २०२० ला, दिवाळीच्या पाडव्याला निघाली. एप्रिल २०२१ मध्ये ती पुन्हा लागली आणि ७ ऑक्टोबर २०२१ ला, घटस्थापनेच्या दिवशी निघाली. हे मुहूर्त कुठल्या पंचांगातले होते ते उघड आहे आणि त्यात गैरही काही नाही. पण याच तारखांशेजारी ज्यू पंचांग ठेवून पाहिलं की एक गोष्ट लक्षात येते. ज्यूंचे वर्षातले सगळ्यात मोठे सण तिश्री महिन्यात, साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये येतात: रोश हशाना म्हणजे नवं वर्ष, योम किप्पूरचा कडक उपास, मग सुक्कोथ हा मांडवांचा सण आणि शेवटी सिम्हाथ तोरा, म्हणजे तोरा या धर्मग्रंथाचा आनंदोत्सव. २०२० मध्ये हे सण १८ सप्टेंबरच्या संध्याकाळी सुरू होऊन ११ ऑक्टोबरला संपले. २०२१ मध्ये ६ सप्टेंबरच्या संध्याकाळपासून २९ सप्टेंबरपर्यंत चालले. म्हणजे मुंबई, ठाणे, पुणे, अलिबाग इथल्या सिनेगॉगांना (ज्यूंच्या प्रार्थनास्थळांना) सलग दोन वर्षं आख्खा तिश्री बंद दारांमागे काढावा लागला.

त्या काळात प्रार्थनास्थळं उघडण्यावरून बराच गदारोळ झाला. पंढरपुरात आंदोलन झालं, राज्यपाल आणि मुख्यमंत्र्यांमध्ये पत्रापत्री झाली, पर्युषणासाठी जैन मंडळी सर्वोच्च न्यायालयात गेली. त्या सगळ्या चर्चेत सिनेगॉगचं नाव क्वचितच निघालं. २०११ च्या जनगणनेत देशभरात साडेचार हजारांच्या आसपास ज्यू नोंदले गेले, त्यातले निम्म्याहून अधिक महाराष्ट्रात. त्यातही बहुतेक बेने इस्रायल, म्हणजे मराठी ही ज्यांची घरची भाषा आहे असे ज्यू. एवढ्या लहान समाजासाठी बंदीचा अर्थ थोडा निराळा होता. तो समजायला मिन्यानचा नियम माहीत हवा.

सनातनी परंपरेप्रमाणे सामुदायिक प्रार्थनेला तेरा वर्षांवरचे किमान दहा पुरुष लागतात. हा गट म्हणजे मिन्यान. एकटा माणूस घरी प्रार्थना करू शकतो, शब्बाथचे, म्हणजे शनिवारच्या पवित्र दिवसाचे, दिवे लावू शकतो, द्राक्षरसावरची किद्दुश ही प्रार्थना म्हणू शकतो. पण गुंडाळीवरून तोरा वाचण्याचा विधी, आणि मेलेल्या आईबापांसाठी म्हणायचा कद्दिश, यांना मिन्यान हवाच. पाच जणांपेक्षा जास्त माणसं जमू नयेत असा हुकूम निघाला की दहाचा नियम आपोआप मोडीत निघतो. विधी नवे शोधता येतात, पण आकड्याशी वाद घालता येत नाही.

आता या समाजाच्या इतिहासातला गमतीचा भाग. बेने इस्रायल कोकणात शतकानुशतकं राहिले ते सिनेगॉगशिवाय आणि रब्बीशिवाय, म्हणजे धर्मगुरूशिवाय. परंपरा अशी सांगते की अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याला जहाज फुटलं, सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या, ग्रंथ आणि पोथ्या समुद्रात गेल्या. ही कथा इतिहास म्हणून किती धरायची यावर अभ्यासकांचं एकमत नाही. ते वाचले आणि तेलाच्या घाण्याच्या धंद्यात शिरले. शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून गावाने त्यांना शनिवार तेली म्हटलं. नवगावकर, पेणकर, दिवेकर, झिराडकर, केहिमकर ही आडनावं तेव्हाच्या गावांची. त्यांच्याजवळ उरलं होतं ते मुलाची आठव्या दिवशी सुंता करणं, शनिवार पाळणं, खवले आणि पर असलेलेच मासे खाणं, काही उपास, आणि बऱ्या-वाईट प्रत्येक प्रसंगी म्हणायची ‘शेमा’ ही एक प्रार्थना. यातलं काहीही करायला दहा माणसं लागत नाहीत आणि इमारतही लागत नाही. धर्म टिकला तो चुलीपाशी, अंगणात आणि पंगतीत. पुढे काजी आले. झिराडकर, शापूरकर आणि राजपूरकर या घराण्यांकडे हे काम चालत आलं. काजी गावोगाव फिरून सुंता, लग्नं, तंटे मिटवणं असं सगळं पाहायचे.

योम किप्पूरची जुनी कोकणी रीतही याच जातीची. त्या दिवशी बेने इस्रायल घराची दारं लावून आत बसत, उपास करत, पांढरे कपडे घालत आणि बाहेरच्या कुणाला शिवतही नसत. दुसऱ्या दिवशी दारं उघडायची, गोरगरिबांना द्यायचं, नातेवाइकांकडे जायचं. घरात बसून पवित्र दिवस पाळणं ही करोनाने शिकवलेली गोष्ट नव्हती.

मलिदा हा विधीही घरचाच. नवस बोलायचा किंवा फेडायचा असला, लग्न ठरलं, मूल झालं, नवं घर घेतलं की एलियाहू हन्नाबी, म्हणजे प्रेषित एलियाहू, याच्या नावाने मलिदा होतो. भिजवलेल्या पोह्यांत गूळ आणि ओलं खोबरं, त्यावर सुकामेवा, सोबत फळं. अलिबागजवळच्या खंडाळ्याला एलियाहू हन्नाबीचा टापा, म्हणजे खडकावरचा ठसा, आहे. एलियाहूचा रथ तिथून आकाशात गेला अशी श्रद्धा असल्याने लोक तिथे नवसाला जातात. जगातल्या इतर ज्यूंना हे सगळं नवलाचं वाटतं. कोकणी माणसाला त्यात नवल वाटणार नाही.

सिनेगॉग आलं ते मुंबईमुळे. सॅम्युएल इझिकिएल दिवेकर, म्हणजे सामाजी हसाजी दिवेकर, कंपनीच्या फौजेत होते आणि टिपूच्या कैदेत सापडले होते. सुटका झाली तर देवाचं घर बांधीन असा नवस त्यांनी केला होता असं सांगतात. १७९६ मध्ये मांडवी भागात शआर हारहामीम उभं राहिलं आणि तिथल्या रस्त्याला सॅम्युएल स्ट्रीट हे नाव पडलं. पुढच्या शतकात समाज गिरण्या, रेल्वे, सरकारी कचेऱ्या आणि फौज यांच्या मागे पसरत गेला. ठाण्याला १८७९ मध्ये शआर हाशमायीम झालं. कोकणात रेवदंडा, अलिबाग, पनवेल, पेण इथेही सिनेगॉगं उभी राहिली. मुकादम (प्रमुख), गब्बाई (खजिनदार), हजान (प्रार्थना चालवणारा), शम्माश (सेवेकरी) अशी कारभाराची घडी बसली. रब्बी मात्र नव्हताच. प्रार्थना हजान चालवायचा आणि कारभार मुकादम पाहायचा.

आणि मग पहिली मोठी साथ आली, तीही नेमकी मांडवीत. सप्टेंबर १८९६ मध्ये डॉ. अकाशियो व्हिएगस यांनी मांडवीतल्या रोग्यांत ब्युबॉनिक प्लेग ओळखला. समाजाचं सर्वांत जुनं सिनेगॉग आणि इस्रायल मोहल्ला याच वस्तीला लागून. ज्यू पंचांगाप्रमाणे तेव्हाही तिश्रीच चालू होता. पुढच्या महिन्यांत मुंबईतून लाखो लोक निघून गेले. ज्यांचं कोकणात घर होतं त्यांनी बोटीची वाट धरली असेल. मुंबईचा कोकणी माणूस प्रत्येक संकटात तेच करत आला आहे.

याच प्लेगमध्ये मुंबईत आला तो ओदेसाचा वाल्डेमार हाफकिन. तो जन्माने ज्यू, पण बेने इस्रायलांच्या जगापासून फार लांबचा. ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या एका खोलीत त्याने प्लेगची लस बनवली आणि १० जानेवारी १८९७ ला ती आधी स्वतःला टोचून घेतली. लशीबद्दल लोकांच्या मनात भीती होती. ती घालवण्यासाठी आगाखान पुढे आले, बगदादी ज्यूंच्या ससून घराण्यातल्या फ्लोरा ससून यांनीही हाफकिनच्या कामाला पाठबळ दिलं. परळच्या प्रयोगशाळेला १९२५ मध्ये हाफकिनचं नाव मिळालं. करोनात लशींच्या बातम्यांमध्ये ते पुन्हा पुन्हा वाचायला मिळालं.

प्लेगने आणखी एक वारसा मागे ठेवला: फेब्रुवारी १८९७ चा साथरोग कायदा. घरात घुसून तपासणी, सामान जाळणं, माणसांना छावणीत नेणं हे सगळं त्या कायद्याच्या आधाराने झालं, आणि पुण्यात त्याचं टोक रँडच्या खुनापर्यंत गेलं. मार्च २०२० मध्ये महाराष्ट्र सरकारने करोनासाठी हाच कायदा लागू केला. सव्वाशे वर्षांनी सिनेगॉगच्या दाराला कुलूप लागलं ते जवळपास त्याच कलमांखाली.

ज्यू जगात साथीच्या काळातली नामी उदाहरणं आणखीही आहेत. १६५६ मध्ये रोममध्ये प्लेग आला तेव्हा ज्यूंचा घेट्टो, म्हणजे त्यांची वेगळी वस्ती, बाहेरून बंद करण्यात आला आणि सिनेगॉगात जमायला मनाई झाली. याकोब झहलोन हा वैद्यही होता आणि रब्बीही. त्याने रस्त्याच्या कोपऱ्यावरच्या घराच्या खिडकीतून प्रवचन केलं आणि लोकांनी खाली रस्त्यात उभं राहून ते ऐकलं. १८३१ च्या कॉलऱ्यात आज पोलंडमध्ये असलेल्या पोझनानमध्ये रब्बी अकिवा आयगर यांनी एका वेळी साधारण पंधराच माणसं सिनेगॉगात घ्यायची, पहाटेपासून पाळ्या लावायच्या आणि दारावर पहारा ठेवायचा अशी व्यवस्था लावली. पंधरा हा आकडा दहापेक्षा थोडाच जास्त आहे. आयगर यांनी गर्दी कमी केली पण मिन्यान राखला, आणि २०२० मध्ये जगभरच्या सिनेगॉगांनी या व्यवस्थेबद्दलचं त्यांचं पत्र उकरून काढलं ते याच कारणासाठी. जीव वाचवणं हे जवळपास प्रत्येक धर्मनियमाच्या वर आहे, या तत्त्वाला ज्यू पिक्कुआह नेफेश म्हणतात. त्यावर कुणाचंच दुमत नव्हतं. वाद होता तो पडद्यावरची माणसं मोजायची की नाही, यावर.

अमेरिकेतल्या कन्झर्व्हेटिव्ह पंथाच्या समितीने मार्च २०२० मध्ये संकटापुरती दूरस्थ मिन्यानला मुभा दिली. ऑर्थोडॉक्स रब्बींनी ती मानली नाही. इस्रायलमधल्या काही उत्तर आफ्रिकी वंशाच्या रब्बींनी पेसाह या सणाच्या सेदरला, म्हणजे रात्रीच्या विधिवत जेवणाला, झूम चालेल असं सांगितलं, तर इतरांनी लगेच विरोध केला. अडचण तशी सोपी आहे: शब्बाथला आणि सणाला वीज चालू-बंद करायची नाही. त्यामुळे ज्या दिवशी पडद्याची सगळ्यात जास्त गरज, त्याच दिवशी तो बंद. म्हणून शुक्रवारी सूर्यास्ताच्या आधी भेटायचं, मग शनिवारी तारे दिसल्यावर हवदालासाठी, म्हणजे शब्बाथला निरोप देण्याच्या विधीसाठी, पुन्हा जोडायचं, असा मधला मार्ग अनेक ठिकाणी निघाला. बेने इस्रायलांच्या घराघरांत पाळण्याचे प्रकार आधीपासून वेगवेगळे होते, तेव्हा कुणी कडक राहिलं, कुणी सैल. इस्रायलला गेलेली भावंडं, लोद, अश्दोद, दिमोनातले मामा-मावश्या मात्र पडद्यावर सहज आल्या. मराठीतून ‘मायबोली’ हे मासिक चालवणारी ही मंडळी एरवीही फोनवरून भेटतच होती.

पेसाहला फार अडलं नाही. २०२० चा पेसाह ८ एप्रिलच्या संध्याकाळी सुरू झाला, देशव्यापी टाळेबंदीच्या तिसऱ्या आठवड्यात. पण सेदर हा मुळात घरातच, ताटासमोर बसून करायचा विधी. त्याची पोथी, हगादा, मराठीत मुंबईला १८४६ मध्ये आणि पुण्याला १८७४ मध्ये छापली गेली होती. पुण्याच्या आवृत्तीतल्या चित्रांत साडी नेसलेल्या बायका बिनखमिराची भाकर करताना दिसतात. काळ्या मनुकांचं सरबतही घरीच होतं. रोश हशानाला गव्हाच्या चिकाचा हलवा लागतो. नारळाच्या दुधात तो तासन्‌तास ढवळायचा असतो, आणि एरवी त्यासाठी जावा-नणंदा, शेजारणी एकत्र बसतात. टाळेबंदीत एकटीला ढवळत बसावं लागलं की हात भरून येतात. तक्रार करायची तर अशी. धर्म मोडला असं त्यात काही नव्हतं.

खरी अडचण आली ती मरणाच्या वेळी. ज्यू रीतीने प्रेताला स्नान घालायचं, पांढऱ्या कफनात गुंडाळायचं आणि लवकरात लवकर दफन करायचं असतं. दहन निषिद्ध आहे. ३० मार्च २०२० ला मुंबई महापालिकेने करोनाने मेलेल्या सगळ्यांचं, धर्म कुठलाही असो, दहनच करावं असं परिपत्रक काढलं आणि त्याच दिवशी बदललं. ते टिकलं असतं तर मुसलमान आणि ख्रिस्ती समाजांइतकाच ज्यू समाजालाही त्याचा धक्का बसला असता. पुढे दफन झालं तरी करोनाच्या प्रेताला स्नान नाही आणि भोवती माणसं मोजकीच. सरकारी नियमात अंत्यविधीला वीस माणसांची मुभा होती, म्हणजे इतर कारणाने कुणी गेलं तर कबरीपाशी दहा पुरुष आणि कद्दिश कसाबसा बसत होता. एरवी बंद असलेला मिन्यान कायद्याने चालत होता तो अशा मोजक्याच ठिकाणी. त्यानंतरच्या सात दिवसांत नातेवाईक घरी येऊन बसतात, हश्काबा ही मृतासाठीची प्रार्थना म्हटली जाते. ते मात्र फोनवर भागवावं लागलं.

कोकणातल्या सिनेगॉगांचं दुखणं मात्र वेगळं. अलिबाग, रेवदंडा, पेण इथे आता समाजाची घरं बोटांवर मोजण्याइतकी. सणाला मुंबई-ठाण्याहून माणसं गेली तरच तिथे प्रार्थना भरते. २०२० च्या उन्हाळ्यात जिल्ह्याबाहेर जायला पोलिसांचा ई-पास लागत होता, आणि प्रार्थनेला दहावा माणूस हवा आहे हे कारण अर्जात लिहिण्यासारखं नव्हतं. ई-पासची अट सप्टेंबरच्या सुरुवातीला निघाली, पण दारं बंदच होती.

७ ऑक्टोबर २०२१ चा गुरुवार गेल्यावर शनिवारी, ९ ऑक्टोबरला, वाचायचा तोराचा भाग नोहाचा होता, म्हणजे पूर ओसरल्यावर तारवातून बाहेर पडण्याचा. हा योग जुळवून आणलेला नाही, वाचनाचा क्रम ठरलेलाच असतो. मुंबई-ठाण्यात त्या शनिवारी दहा जण जमवणं अवघड नव्हतं. कोकणातल्या गावांत ते अवघड होतं आणि अजूनही आहे. स्थलांतर १९४८ नंतर सुरू झालं, इस्रायलच्या संसदेने १९६४ मध्ये बेने इस्रायलांना पूर्ण ज्यू म्हणून मान्यता दिल्यावरही ते चालूच राहिलं. तिथल्या सिनेगॉगांत मिन्यान जमत नाही त्याला करोना कारण नाही.